मरियामातेच्या ओढणीची गाठ

सान पेलायो, आंतिके
३० जानेवारी १९९४

प्रिय तिया फेलिसिदाद,

नमस्कार म्हणून तुमचा हात इथूनच कपाळाला लावते. तुम्ही लेकाकडे दावाओला गेलात त्याला वर्ष होत आलं. पण चर्चच्या पायऱ्यांवर कुणाचं पोर दंगा करू लागलं की बाया अजून म्हणतात, "थांब, तिया सिदादला बोलावते!" तुम्ही गेलात, तुमचा धाक इथेच मुक्कामाला आहे.

आता बातमी. मी इलोइलोच्या शाळेतली नोकरी सोडली. ओरडू नका, पुढचं वाचा. मनिलाला जाऊन मी जे शिकून आले, मॉन्टेसोरी पद्धतीनं अगदी लहान मुलांना देवाची ओळख करून द्यायची, ते मला आपल्याच गावात करायचं होतं. पाद्रे आन्सेल्मोंनी चर्चमागची खोली दिली आहे. तीच, जिथे चर्चच्या भाड्यानं द्यायच्या खुर्च्या रचलेल्या असायच्या. जळमटं काढली, चुना मारला, सुताराकडून गुडघ्याएवढी टेबलं करून घेतली. तीन ते सहा वर्षांची मुलं येतात.

मुलं मूग या सुरईतून त्या सुरईत ओततात. लाकडी चौकटीवर ताणलेल्या कापडाच्या रिबिनी सोडतात नि बांधतात. फडकी टोकाला टोक जुळवून घडी करतात. जमिनीवरच्या रेघेवरून पेटती मेणबत्ती घेऊन चालतात. हात स्थिर झाले की मन स्थिर होतं, मग छोटी वेदी, लाकडी मेंढपाळ, त्याची मेंढरं. मी एकदा दाखवते, थोडक्यात सांगते आणि बाजूला होते. उपवासकाळात ईस्टरसाठी मातीची गुहा करणार आहे, दाराशी फिरवता येईल असा गोल धोंडा असलेली.

तीस वर्षं या गावाच्या मुलांना धर्म तुम्ही शिकवलात. तुमचा आशीर्वाद नसेल तर ही खोली मला आपली वाटणार नाही.

तुमची भाची,
लुदिविना


दावाओ
१० फेब्रुवारी १९९४

इंदाय लुडी, माझ्या पोरी,

देव तुझं भलं करो आणि तुला अक्कल देवो.

मूग ओततात? मूग शिजवायचे असतात, बाई. माझ्या वर्गात पाच वर्षांच्या पोराला "तुला कोणी निर्माण केलं?" विचारलं की ते "देवानं!" असं ओरडायचं की घंटाघरातली कबुतरं उडायची. चाळीस प्रश्न, चाळीस उत्तरं, झोपेतून उठवून विचारा. आणि तुझी पोरं काय शिकतात, तर रिबिनी सोडायला. उद्या सैतान समोर उभा राहिला तर त्याच्या बुटाची नाडी सोडणार का?

आणि तू म्हणे एकदा सांगून बाजूला होतेस. तोंड बंद ठेवायला शिकायला मनिलाला जावं लागतं होय? ते तुझ्या तियो तेलेस्फोरोनं लग्नानंतर घरबसल्या शिकून घेतलं.

नोकरी सोडलीस त्याबद्दल बोलत नाही, कारण बोलायला लागले तर कागद पुरणार नाही. पण प्युरिंगला जप. ती चर्चच्या मंडळाची अध्यक्ष, आणि खुर्च्या मंडळाच्या. लहानपणापासूनची मैत्रीण म्हणून सांगते, प्युरिंग वाईट नाही, पण एखादी जागा तिच्या मते रिकामी पडलेली तिला बघवत नाही.

आशीर्वादाचं बघू. आधी ईस्टर येऊ दे.

तुझी तिया


सान पेलायो
२३ फेब्रुवारी

प्रिय तिया,

तुमचं पत्र मोठ्यानं वाचलं. तियो तेलेस्फोरोंच्या वाक्याला मीसुद्धा हसले, आणि सैतानाच्या नाडीला पाद्रे इतके हसले की त्यांना ठसका लागला.

राखेच्या बुधवारी मुलांनी करवंट्यांत माती भरून भाताचे दाणे पेरले. चार वर्षांच्या दोदोंगनं दाण्यावर माती लोटली आणि म्हणाला, "आता हा मेला." दुसऱ्यानं लगेच दटावलं, "मेला नाही, कामाला लागलाय." मी काहीच शिकवलं नव्हतं, तिया. नुसते दाणे दिले होते.

पण मला सांगायचं आहे ते मालिनबद्दल. बंदरावर मासे सुकवणाऱ्या एस्तेरची ही लेक, पाच वर्षांची. हळू म्हणजे इतकी हळू की गाव तिला कासव म्हणतं. तिची आईसुद्धा म्हणते. रिबिनीची चौकट घेऊन बसली की बाकीची मुलं तीन कामं उरकून येतात, ही अजून पहिल्याच गाठीशी. ओढत नाही, हिसकत नाही, नुसती बघते. मग अंगठ्यानं एक बाजू सैल करते. मग दुसरी.

परवा एस्तेर दारात येऊन उभी राहिली. "मिस, हिला नेते. निदान मासे तरी उलटवील. गाठी सोडून कुणाचं पोट भरलंय?"

मी म्हटलं, "ईस्टरपर्यंत राहू दे. त्यानंतर तू म्हणशील तसं."

"ईस्टरला काय ही उडणार आहे?" म्हणाली, पण ठेवून गेली.

काल मातीची गुहा मांडली. आत दगडी ओटा, त्यावर घडी केलेलं पांढरं कापड, दाराशी धोंडा. मी इतकंच सांगितलं, "पहाटे बायका आल्या. धोंडा बाजूला झाला होता. आत कोणी नव्हतं. तो उठला होता." आणि गप्प बसले. मुलं एकेक करून आली, हलवून बघून गेली. मालिन शेवटी आली आणि घरी जायची वेळ होईपर्यंत तिथेच होती. धोंडा लावायचा, सरकवायचा, आत वाकून बघायचं. एक अक्षर बोलली नाही. तिला काय कळलं, कळलं की नाही, मला सांगता येत नाही. तुमच्या प्रश्नोत्तरांत एवढं तरी बरं, उत्तर ऐकू येतं.

तुमची लुदिविना


दावाओ
५ मार्च

इंदाय,

"कामाला लागलाय" हे वाक्य मी इथल्या चर्चमध्ये मिस्सेनंतर बायकांना सांगितलं. कुणाचं ते सांगितलं नाही. त्यांना वाटलं माझंच. वाटू दे.

त्या मालिनचं मात्र मला काही पटत नाही. न बोलणारं मूल म्हणजे झाकलेलं पातेलं, आत भात आहे की नुसतं पाणी, कळायचं कसं? तू झाकण न काढता भात झाला म्हणतेस.

असो. ईस्टरच्या पहाटेच्या सालुबोंगचं काय? यंदा देवदूत कोण? निवडायला मी तिथे नाही, म्हणून कुणीतरी गोरीगोमटी बघून टांगतील. नीट ऐक. पुरुष उठलेल्या प्रभूची मूर्ती घेऊन एका रस्त्यानं येतात, बायका काळ्या ओढणीतल्या मरियामातेला घेऊन दुसऱ्या, आणि चौकातल्या कमानीखाली मायलेक समोरासमोर येतात, इथवर सगळ्यांनाच जमतं. खरं काम त्या दोरावरून खाली येणाऱ्या पोरीचं. तिनं ओढणी काढली की आईचं सुतक फिटलं. म्हणून पोरगी दिसायला कशी हे बघायचंच नाही. वर टांगल्यावर रडत नाही ना, ते बघायचं. काखेत जुन्या मऊ चादरीची घडी घालायची, नाहीतर दोर काचतो. पहाटे दूध पाजायचं नाही, आलं चघळायला द्यायचं.

आणि ओढणी नीट सुटायला हवी. आठवतं ना, ज्या वर्षी ती फाटली त्या वर्षी समुद्रानं आपल्या बोटी ठेवून घेतल्या? पाद्रे म्हणतात असं मानू नये. पाद्र्यांचं कोणी बोटीवर नसतं.

तुझी तिया


सान पेलायो
१६ मार्च

प्रिय तिया,

घाईत लिहिते. इथे सगळं छान. भात उगवलाय, करवंट्या हिरव्यागार झाल्यात. मंडळाचे लोक खोली बघायला आले होते, कॉफी घेऊन गेले. सालुबोंगचा देवदूत मानांग प्युरिंगची नात क्रिस्तेल आहे. पंख मनिलाहून मागवलेत, खऱ्या पिसांचे. चादरीचं नि आल्याचं त्यांना सांगितलं.

तुमच्या गुडघ्याला तेल लावता ना?

लुदिविना


दावाओ
२५ मार्च

लुदिविना,

सगळं छान म्हणे! तुझी आईसुद्धा अशीच होती, घर जळत असलं तरी पत्रात "हवा उबदार आहे" लिहायची.

प्युरिंगनं मला फोन केला. मंडळ आलं, तिनं मुलांना विचारलं, "तुम्हाला कोणी निर्माण केलं?" एकानंही उत्तर दिलं नाही. उलट कुणीतरी चार वर्षांचं, आजीला म्हणावं तसं, तिलाच म्हणालं, "लोला, हळू बोला, इथे काम चाललंय." मग ती तुझ्या मालिनपाशी गेली, तेच विचारलं, तर पोरगी तिच्याकडे बघून हसली आणि धोंडा सरकवून गुहेत वाकली. प्युरिंग म्हणते, थडग्याशी खेळणारं पोर अपशकुनी. ईस्टर झाला की खुर्च्या परत खोलीत. आणि हे तू मला कॉफीत बुडवून पाठवलंस!

रागावले. दिवसभर रागावले होते. तुझ्यावर, तिच्यावर, मग कुणावर ते कळेना.

संध्याकाळी नातीला, तेतेतला, समोर बसवलं. चार वर्षांची आहे. विचारलं, "येशूनं तिसऱ्या दिवशी काय केलं?" तिनं मीच पाठ करून घेतलेलं म्हटलं, "मेलेल्यांतून उठला." म्हटलं, "म्हणजे काय गं?" तर म्हणाली, "आमेन."

मग मी, कुणाला सांगू नकोस, अर्धा नारळ कोरून आडवा ठेवला, त्याच्या तोंडाशी एक मोठा कांदा लावला. तू लिहिलेलीच वाक्यं म्हटली आणि जीभ चावून गप्प बसले. फार अवघड गेलं, लुडी. तेतेतनं कांदा सरकवला, आत बघितलं, पुन्हा बघितलं. "लोला, आत कोणीच नाही." मी गप्प. तर ती उठली आणि त्याला शोधायला निघाली. टेबलाखाली, कपाटामागे, अंगणात. शेजारणीला विचारून आली. जेवायला बोलावलं तरी येईना, म्हणे, "तो उठलाय ना, मग कुठेतरी असणारच."

माझ्या वर्गातलं एकही मूल त्याला शोधायला कधी उठलं नव्हतं.

आता ऐक. माझा आशीर्वाद आहे. पूर्ण आहे, उद्यापासून नाही, आजपासून. प्युरिंगनं खुर्च्या आणल्या तर मी येऊन त्यांतल्या एकीवर बसेन आणि उठणार नाही. माझे गुडघे बघता ते खरंही होईल. तू मान खाली घालू नकोस.

तिया


सान पेलायो
४ एप्रिल, ईस्टरचा सोमवार

प्रिय, प्रिय तिया,

प्रभू उठला आहे! तुमचं पत्र झावळ्यांच्या रविवारनंतर मिळालं आणि पूर्ण आठवडा मी ते खिशात घेऊन फिरले. लपवल्याबद्दल काय म्हणू? तुमच्या खोलीचं, खोली तुमचीच, वाईट झालेलं तुम्हाला सांगवेना. आता सगळं सांगते, काही न वगळता.

पवित्र बुधवारी क्रिस्तेलला कांजिण्या आल्या. पाठोपाठ गावातल्या निम्म्या पोरींना. गुरुवारी मानांग प्युरिंगनी उरलेल्या पोरी चौकात गोळा केल्या आणि एकेकीला दोरावर चढवून बघितलं. पहिली वर जाताच किंचाळली. दुसरीनं चड्डी ओली केली. तिसरीनं कमानीचा बांबू असा धरला की तिला सोडवायला माणूस चढवावा लागला. मी तुमचं वाक्य सांगितलं, न रडणारी बघा. आणि म्हटलं, "मालिनला कांजिण्या मागच्याच वर्षी येऊन गेल्यात."

मानांग प्युरिंग म्हणाल्या, "कासवाला पंख लावू?"

एस्तेर मासे टाकून तिथे आली होती. आतापर्यंत तीच लेकीला कासव म्हणायची, पण तिचा चेहरा लाल झाला. "कासव तर कासव. वर चढवून तर बघा."

चढवलं. मालिन वर लोंबकळत राहिली आणि कमानीवर लावलेली फुलं बघत बसली. खाली घ्यायचं आम्हीच विसरलो.

ईस्टरच्या पहाटे चौक माणसांनी भरून गेला होता. वारा जोराचा होता. दोन्ही मिरवणुका आल्या, पुरुष डावीकडून, बायका उजवीकडून, आणि प्रभू नि माता कमानीखाली समोरासमोर थांबले. बँड थांबला. गायकवृंदानं सुरुवात केली आणि मालिन खाली येऊ लागली. पंख तिच्याहून मोठे. तोंडात आल्याचा तुकडा.

ती मातेच्या डोक्याशी पोचली, ओढणी बांधलेल्या रिबिनीचं टोक धरून ओढलं. ओढणी हलली नाही. पुन्हा ओढलं. नाही. वाऱ्यानं उडू नये म्हणून सजवणाऱ्या बायकांपैकी कुणीतरी सरकफासाच्या वर आणखी एक पक्की गाठ मारून ठेवली होती.

तिया, तुम्हाला माहीतच आहे चौक कसा असतो. आधी कुजबुज, मग हुंकार. बंदरावरचे लोक पुढे सरकले. एक म्हातारा मोठ्यानं म्हणाला, "बोटी बाहेर काढू नका यंदा." मग सगळेच ओरडायला लागले. "ओढ! जोरात ओढ!" "फाटेल, फाटेल!" मानांग प्युरिंगनी हाक दिली, "शिडी आणा! कात्री आणा!" गायकवृंद मधेच बंद पडला. एस्तेरनं माझा दंड इतका घट्ट धरला की अजून निळा आहे.

मालिननं ओढणं सोडलं. एक हात मातेच्या खांद्यावर ठेवून स्वतःचं झोके घेणं थांबवलं. वाकली. गाठ बघितली. नुसती बघत राहिली. शिडी आली. माणूस चढायला लागला, तेव्हा पाद्रे आन्सेल्मोंनी त्याच्या सदऱ्याला धरून मागे खेचलं आणि म्हणाले, "थांब. ती काम करतेय."

तिया, तो चौक गप्प झाला. कुणी गप्प करवला नाही, आपोआप झाला. मागच्यांना काय चाललंय कळत नव्हतं, पण पुढचे गप्प म्हणून तेही गप्प. लाटा ऐकू येत होत्या. माझ्या खोलीतली मुलं आपापल्या आयांच्या कडेवर अगदी निवांत होती. त्यांना ठाऊक होतं, मालिनला वेळ लागतो.

अंगठ्यानं एक बाजू सैल केली. मग दुसरी. तिचे ओठ हलत होते, काही म्हणत होती, आम्हाला ऐकू येण्याजोगं नाही. बोट आत घातलं. गाठ उघडली. मग खालची. आणि ओढणी अख्खी, एक टाका न उसवता, तिच्या हातात आली. मातेचा चेहरा उघडा झाला आणि नेमका त्याच वेळी त्याच्यावर उजेड आला.

कुणी ओरडलं नाही. कारण मालिनचं संपलं नव्हतं. तिथे दोराला लटकून तिनं ओढणी टोकाला टोक लावून घडी केली. वारा उडवायचा, ती पुन्हा जुळवायची. घडी झाल्यावर खाली उभ्या मानांग प्युरिंगच्या हातात दोन्ही हातांनी दिली.

मग काय झालं ते मला लिहिता येत नाही. घंटा, बँड, फटाके, बोटींचे भोंगे, सगळं एकदम. बंदरावरच्या लोकांनी तिला दोरावरून सोडवून खांद्यावर घेतलं आणि चौकाला तीन वेढे घातले. "आमची मालिन! बंदरावरची मालिन!" कासव कुणी म्हणालं नाही. एस्तेर मागून धावत ओरडत होती, "पंख सांभाळा, पंख दुसऱ्याचे आहेत!" आणि रडत होती, आणि हसत होती.

आज सकाळी मानांग प्युरिंग आपल्या भाताच्या गिरणीतली दोन माणसं घेऊन खोलीच्या दारात आल्या. मला वाटलं, खुर्च्या. मी दारात उभी राहिले, तुमचा आवाज काढायची तयारी केली. त्या म्हणाल्या, "खुर्च्या माझ्या गिरणीत राहतील. ही माणसं मागची भिंत पाडून खोली मोठी करायला आणलीत." मग इकडेतिकडे बघत म्हणाल्या, "क्रिस्तेलचे फोड वाळले की पाठवते. तिला काही म्हणजे काही धीर धरता येत नाही. माझ्यावर गेलीय."

तुमची,
लुदिविना


दावाओ
१३ एप्रिल

माझ्या लाडक्या इंदाय,

तुझं पत्र मी इथल्या अख्ख्या गल्लीत वाचून दाखवलं. "ती काम करतेय" इथवर आले आणि कागद सुनेच्या हातात दिला, पुढचं तिनं वाचून पूर्ण केलं. माझा मुलगा, जो मिस्सेला जायला कुरकुर करतो, तो म्हणाला, "मग पुढे? गाठ सुटली का?" तेतेतनं घरातल्या सगळ्या टॉवेलांच्या घड्या केल्या आहेत आणि मोडू देत नाही. आम्ही आंघोळ करून सदऱ्यानं अंग पुसतो.

प्युरिंगनंही फोन केला. भिंत पाडल्याचं असं सांगत होती जणू बायबलातल्या जेरिकोची पाडली.

जूनमध्ये तुझा नवा वर्ग सुरू होईल तेव्हा मी येते. बोटीनं येते, गुडघ्यांचं बघून घेईन. मला शिकवायचं नाही. मला कोपऱ्यात बसून गप्प राहायला शिकायचं आहे. या वयात जमेल का, ते तू सांगायचंस.

पण एक गोष्ट मला झोपू देत नाही. मूल ओठ हलवत होतं असं तू लिहिलंस. काय म्हणत होती? प्युरिंग म्हणते, नमो मरियाची प्रार्थना. पाद्रे म्हणतात, स्तोत्र. एस्तेरचं म्हणणं, पोरगी घाबरली की पुटपुटते. तू विचारलंस का? की तुमच्या पद्धतीत तेही विचारायचं नसतं? नसेल तर या म्हातारीसाठी एकदा पद्धत मोड.

तुझी तिया


सान पेलायो
२२ एप्रिल

प्रिय तिया,

या. नक्की या. तुमच्यासाठी खिडकीजवळची जागा ठेवते.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मालिन भाताच्या रोपांना चमच्यानं पाणी घालत होती. मी शेजारी बसले आणि विचारलं. तिनं ऐकलं, पण पाणी घालत राहिली. सगळ्या करवंट्या झाल्या, चमचा पुसला, जागेवर ठेवला आणि आईबरोबर घरी गेली. मला वाटलं, राहिलंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात चपला काढता काढता, कुणी आत्ताच विचारल्यासारखं, तिनं उत्तर दिलं. जसं म्हणाली तसंच लिहिते.

"ती रडत होती ना, आणि सगळे ओरडत होते. म्हणून मी तिला सांगितलं, हलू नकोस गं. तो तुझ्या समोरच उभाय. जरा थांब, मी सोडते, मग तुला दिसेल."

लुदिविना